घरच्या मेणबत्तीला दालचिनी-संत्र्याचा वास येतच नाहीये, मदत करा

आळशी_मुंगी

नमस्कार मंडळी. डोकं फिरलंय म्हणून धागा काढलाय. यंदा सणाला सगळ्यांना घरी केलेल्या मेणबत्त्या द्यायच्या असं मी घरात जाहीर करून बसले (कोणी विचारलं नव्हतं), वर अटही स्वतःच घातली की तयार सेंट नको, वास फक्त दालचिनी लवंग संत्रं असल्या खऱ्या गोष्टींचा. अठरा जणं आहेत आणि हातात पाच आठवडे.

आत्तापर्यंतची प्रगती ऐका. पहिला घाणा: सोय वॅक्स (सोयाबीन तेलाचं मेण) वितळवलं, त्यात दोन चमचे दालचिनी पूड, एका संत्र्याची साल किसून आणि दोन चमचे व्हॅनिला इसेन्स. घरभर इतका भारी वास सुटला की मी लगेच फोटोबिटो काढले. गार झाल्यावर बघते तर पूड तळाशी चिखलासारखी बसलेली, इसेन्सचे तपकिरी थेंब मेणात वेगळेच लटकलेले, आणि पेटवली तर तडतड तडतड करून तीन मिनिटांत विझली. दुसऱ्या घाण्याला शहाणी झाले, फक्त संत्र्याचं इसेन्शियल ऑइल घातलं, एका बरणीला पंधरा थेंब. बरणी नाकाशी धरली तर मस्त वास, पेटवली की शून्य. वर वातीभोवती विहीर पडली, कडेचं मेण तसंच राहिलं आणि वात आत बुडून मेली.

नेमकं चुकतंय काय? की नैसर्गिक वासाची मेणबत्ती ही थापच आहे सगळी?

टवाळ_टोळ

तडतड झाली म्हणजे ती फोडणी होती. मोहरी घालायची राहिली. (दिवा घ्या. म्हणजे मेणबत्तीच घ्या.)

निवांत_काकू

टोळ गमतीत म्हणाला पण झालंय अगदी तेच. तापलेल्या तेलात ओलं काही पडलं की तडतडतं ना, मेण हेही तेलाचंच भावंड. ओली साल किसून घातलीस म्हणजे पाणी घातलंस, आणि ती मेणबत्ती तशीच ठेवलीस तर सालीला आतून बुरशीही धरेल. इसेन्समध्ये अल्कोहोल आणि पाणी असतं, ते मेणात कितीही ढवळलं तरी मिसळत नाही. गुलाबपाण्याचंही तेच, कोणी विचारायच्या आधी सांगून टाकते.

आणि पूड कधीच नाही घालायची बाई. वातीच्या धाग्यांमधून वितळलेलं मेण वर चढतं, पूड त्या धाग्यांत जाऊन बसली की वात चोंदते. माझ्याकडे अशा लवंगपुडीच्या चार मेणबत्त्या अजून आहेत, दाराला टेकू म्हणून वापरते.

रसायनवेडा

मुंगीताई, तुमच्या दुसऱ्या घाण्यातले दोन प्रॉब्लेम तुम्ही वेगळे सांगितलेत, वास नाही आणि विहीर पडली, पण तो एकच आहे.

मेणबत्तीत घन मेण जळत नाही, पातळही जळत नाही, जळते ती मेणाची वाफ. खात्री करायची असेल तर पेटती मेणबत्ती फुंकून विझवा, वर जो पांढरा धूर निघतो त्यात वातीपासून बोटभर वर जळती काडी धरा, ज्योत उडी मारून परत वातीवर येते. तो धूर म्हणजे मेणाचीच वाफ. शास्त्रज्ञ मायकेल फॅराडेने १८६० च्या डिसेंबरात लंडनला मुलांसमोर मेणबत्तीवर व्याख्यानं दिली त्यात हा प्रयोग होता, आणि घरी मुलं असतील तर आजही टीव्ही बंद करून बघतात. (काडी मोठ्या माणसाने धरायची हे लिहायला हवं का? लिहिलं.)

आता वासाचं बघा. जे सुगंधी तेल वातीतून वर जाऊन ज्योतीत शिरतं ते जळून जातं, त्याचा वास तुम्हाला मिळत नाही. नाकापर्यंत येतं ते वातीभोवती साचलेल्या वितळलेल्या मेणाच्या तळ्यावरून उडणारं तेल. तळं जेवढं पसरट तेवढा वास. तुमचं तळं रुपयाएवढं, कडेचं मेण घट्ट, वास येणार कुठून?

दुसरं म्हणजे पंधरा थेंब. साधारण वीस थेंबांचा एक मिली होतो, म्हणजे तुम्ही पाऊण मिली घातलंत. बरणीत २०० ग्रॅम मेण धरलं तर हे ०.४ टक्केसुद्धा होत नाही. सोय वॅक्सला सहा टक्क्यांच्या आसपास लागतं, म्हणजे १२ ग्रॅम, थेंबांत मोजलं तर पावणेतीनशेच्या घरात. नेटवर "दहा थेंब टाका" लिहिणाऱ्यांनी एकदा तरी ती मेणबत्ती पेटवून बघावी.

आळशी_मुंगी

पावणेतीनशे!!! मी थेंब मोजताना सातव्याला चुकते.

सुगरणनसलेली

थेंब नाही मोजायचे गं, वजन करायचं. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा घे, ग्रॅम दाखवणारा. मेण पण वजनावर, तेल पण वजनावर. कुठल्या बरणीत किती मेण मावेल त्यासाठी आधी पाणी भर जिथपर्यंत मेण हवंय तिथपर्यंत, त्या पाण्याचं वजन कर, त्याला ०.९ ने गुण, तेवढं ग्रॅम मेण लागेल. मग ती बरणी पूर्ण कोरडी कर, पुसून नाही, चांगली वाळवून, नाहीतर परत टोळला फोडणी सुचेल.

टवाळ_टोळ

मला सुचायला बरणी लागत नाही.

मेणवाला_हौशी

रसायनवेडा यांना बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). फक्त सगळे तेलाबद्दल बोलताहेत आणि वातीबद्दल कोणीच नाही, माझ्या मते इथे सत्तर टक्के खेळ वातीचा आहे. मी बरीच वर्षं हौसेने करतोय, सुरुवातीला मीही सगळा पैसा तेलात घातला आणि वात जी मिळेल ती.

वात बारीक पडली की विहीर. जाड झाली की ज्योत नाचते, काजळी धरते, टोकाला काळं बोंड येतं आणि काच हात लावू देत नाही इतकी तापते. बरोबर वात असेल तर पहिल्यांदा पेटवल्यावर दोन-तीन तासांत तळं कडेपर्यंत जातं आणि साधारण एक सेंटीमीटर खोल होतं. त्यामुळे एकदम अठरा ओतू नका. एकसारख्या तीन बरण्या घ्या, तीन जाडीच्या वाती लावा, मेण तेच, तेल तेच. पेटवा आणि समोर बसा. जी नीट जळेल ती वात बाकीच्यांना. बरणी बदलली, मेण बदललं किंवा तेल बदललं तर ही परीक्षा परत, कारण तेलानेही जळणं बदलतं, लवंगेचं तेल जड असतं, तिथे मला बहुतेक वेळा एका नंबराने जाड वात लागली.

वात विणलेल्या कापसाची घ्या. साधा दोरा पिळून करू नका, नुसता दोरा उभाच राहतो आणि टोक काळं होऊन धुरकटतं. विणलेली वात जळताना किंचित वाकते, टोक ज्योतीच्या कडेला हवेत येतं आणि तिथे जळून जातं. पूर्वी मेणबत्तीची वात सारखी कात्रीने छाटत बसायला लागायचं, विणलेली वात आल्यावर ते गेलं, १८२५ च्या सुमारास फ्रान्समध्ये निघाली ही. तरी दर वेळी पेटवायच्या आधी पाव इंच ठेवून बाकी कापाच.

काजवा

माझा प्रश्न आहे, मधमाशांचं मेण का नाही कोणी सुचवत? त्याला स्वतःचाच मधाचा वास असतो, काहीच घालावं लागत नाही, आणि मी वाचलंय की ते जळताना हवा शुद्ध होते, म्हणजे दुहेरी फायदा.

रसायनवेडा

पहिलं बरोबर, दुसरं सोडून द्या. कुठलीही मेणबत्ती खोलीतला ऑक्सिजन घेऊन कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ देते, थोडी काजळीही. मधमाशांचं मेण याला अपवाद नाही. जळणारी वस्तू हवा शुद्ध करत नाही. याच न्यायाने पॅराफिन (खनिज तेलापासूनचं नेहमीचं मेण) म्हणजे विषच असंही मी म्हणणार नाही, वात लांब ठेवली की कुठलंही मेण धुरकटतं.

निवांत_काकू

हवा शुद्ध नका करू पण ते मेण मात्र छान असतं. मी त्याच्यावरच आले शेवटी. ठोकळा आणते, किसणीवर किसते (ती किसणी मग कायमची मेणाचीच, नारळाला परत वापरायची आशा सोडा), जुन्या स्टीलच्या डब्यात घालते आणि डबा उकळत्या पाण्याच्या पातेल्यात. ६२ ते ६५ डिग्रीला वितळतं. नुसतं ओतलं तर गार होताना आकसतं आणि तडे जातात म्हणून मी शंभर ग्रॅम मेणाला पंचवीस ग्रॅम खोबरेल घालते, कडेपर्यंत वितळतंही नीट. वात सोयपेक्षा जाड लागते, हे मेण चिकट.

वासाचं म्हणाल तर आत काही घातलंच तर थोडं लवंगेचं तेल. संत्रं त्यात हरवून जातं, मधाचा वास त्याच्यावर बसतो. आणि ज्यांना वितळवणं वगैरे नकोच त्यांनी मेणाचे तयार पत्रे आणावेत, षटकोनी नक्षीचे असतात, काठाला वात ठेवून घट्ट गुंडाळायचं, झाली मेणबत्ती. पत्रा थंड असेल तर मोडतो, आधी जरा हाताच्या उबेने किंवा हेअर ड्रायरने मऊ करायचा. सहा वर्षांच्या नातीने पाच केल्या, माझ्या दोन होईपर्यंत.

आळशी_मुंगी

काकू मला तुमच्याकडे राहायला यायचंय.

बरं मग आता एक सांगा, मसालेच तेलात मुरवून घेतले तर? म्हणजे खोबरेलात लवंगा दालचिनी मंद आचेवर ठेवून, गाळून, ते मेणात? म्हणजे विकतचं इसेन्शियल ऑइलही नको.

सुगरणनसलेली

केलंय मी हे. लवंग त्यातल्या त्यात उतरते, दालचिनी अगदी फिकी, संत्र्याची वाळलेली साल जवळजवळ नाहीच. एक वाटी खोबरेल, मूठभर लवंगा जरा ठेचून, अगदी मंद पाण्यावर तीन तास, रात्रभर झाकून, मग मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळलं. हाताला लावलं तर झकास वास. मेणबत्तीत घातलं तर "अगं काहीतरी येतोय बहुतेक" एवढंच. कारण इसेन्शियल ऑइल म्हणजे किलोकिलो सालींचा अर्क, तो आपण मूठभर लवंगांत कसा मिळवणार. शिवाय खोबरेल जास्त झालं की मेणबत्ती मऊ पडते, ते २४-२५ डिग्रीलाच वितळतं. स्वतःसाठी करून बघ, भेट द्यायला नको.

अबोली_जास्वंद

मी वाळलेल्या गुलाबपाकळ्या, दालचिनीच्या कांड्या आणि संत्र्याच्या वाळवलेल्या चकत्या वरून लावते, फोटोत इतक्या गोड दिसतात. वास पण येतो हलका. तसं करू शकतेस.

मेणवाला_हौशी

अबोलीताई, कृपया पेटवायच्या मेणबत्तीवर हे नको. रागावू नका, पण मी एकदा तोंड पोळून घेतलंय. भेट द्यायची म्हणून मीही वर दालचिनीची कांडी आणि पाकळ्या लावल्या होत्या, एक घरी ठेवली आणि पेटवून जेवायला बसलो. तळं वाढलं तशी पाकळी तरंगत वातीपाशी आली, पेटली, तिच्यावरून कांडी पेटली. मी वळून बघितलं तेव्हा बरणीत एक ज्योत नव्हती, अख्खा वरचा थर जळत होता, बरणीच्या तोंडाबाहेर वीतभर ज्वाळा. सुदैवाने शेजारी ताट होतं ते उपडं टाकलं. विझली, पण काच टक्कन दोन तुकडे झाली आणि गरम मेण टेबलभर. त्या टेबलावर पांढरा गोल डाग अजून आहे, पाहुणे विचारतात.

मेणात भिजलेली कुठलीही वाळकी गोष्ट ही दुसरी वातच. कांडी लावायचीच असेल तर बरणीच्या बाहेरून सुतळीने बांधा, आणि देताना सांगा की पेटवण्याआधी काढायची.

आणि हेही इथेच लिहून ठेवतो: मेणाला आग लागली तर पाणी मारायचं नाही, कधीच नाही. पाणी तळाशी जाऊन उकळतं आणि जळतं मेण अंगावर उडतं. झाकण घालायचं, आच बंद करायची, भांडं हलवायचं नाही. म्हणूनच मेण थेट आचेवर न ठेवता पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवायचं, आणि वितळत असताना फोन घ्यायला बाहेर जायचं नाही.

अबोली_जास्वंद

बापरे. मी पेटवतच नाही ना माझ्या, नुसत्या मांडून ठेवते, म्हणून कळलं नाही कधी. सगळ्यांना मेसेज करते आता.

मांजरांची_आई

घरात मांजर असेल तर जरा जपून. मांजरांच्या यकृताला लवंग, दालचिनी, लिंबूवर्गीय आणि टी ट्रीची तेलं नीट पचवता येत नाहीत, अंगावर किंवा पोटात गेली तर त्रास होतो. नुसत्या मेणबत्तीने लगेच काही होतं असं नाही पण बंद खोलीत नको, आणि तेलाची बाटली तिच्या पंजाला लागेल अशी नकोच. पक्षी पाळलेत तिथे तर मी वासाची मेणबत्ती देतच नाही. दमा असलेल्यांनाही आधी विचार. नैसर्गिक आहे म्हणून सगळ्यांना सोसतंच असं नसतं.

सुगरणनसलेली

+१. आणि दालचिनीच्या तेलाला ग्लोव्हज घाल. मी नव्हते घातले, बोटं दोन दिवस मिरची कापल्यासारखी चुरचुरत होती, त्यात डोळा चोळला.

आळशी_मुंगी

ग्लोव्हज लिहून घेतले. तेल कुठल्या तापमानाला घालायचं? एक जण ८५ म्हणतो एक जण ५५, आणि एकीने लिहिलंय संत्र्याचं तेल ५० च्या वर घातलं तर "जळून जातं".

रसायनवेडा

तो ५० च्या आसपासचा आकडा फ्लॅश पॉइंटचा आहे. त्या तापमानाला तेलाची वाफ ठिणगी मिळाली तर पेटू शकते, एवढाच त्याचा अर्थ. तेल तिथे जळत नाही की उडून जात नाही, संत्र्याच्या तेलातला मुख्य घटक लिमोनिन उकळतो १७६ डिग्रीला. पण गरम मेणात ढवळत राहिलात तर थोडं थोडं उडतंच, आणि संत्रं सगळ्यात आधी.

मी करतो ते सांगतो: मेण पूर्ण वितळवून भांडं शेगडीवरून उतरवायचं, शेगडी बंद, आसपास ज्योत नाही. ७० वर आलं की तेल घालायचं, दोन मिनिटं हळू ढवळायचं, फेटायचं नाही, फेटलं की बुडबुडे राहतात. मग ५५-६० ला बरणीत. आकडे तुमच्या मेणाच्या पिशवीवर वेगळे असतील तर पिशवीचं ऐका.

नुसतं संत्रं मात्र घालू नका. ते हलकं, येतं आणि जातं. त्याला धरून ठेवायला खाली काहीतरी जड लागतं, लवंग, देवदार, पचौली असलं. माझं मिश्रण दहा भागांत: संत्रं पाच, देवदार तीन, लवंग दोन. लवंग तीन केली तर दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखं वाटतं.

निवांत_काकू

खरंच वाटतं. लवंग दीडच ठेव.

मेणवाला_हौशी

आणि ओतल्यावर थांबा. सोय वॅक्स ओतल्यावर झाकण लावून किमान एक आठवडा, दोन झाले तर उत्तम. दुसऱ्याच दिवशी पेटवून "वास नाही" म्हणणारे निम्मे लोक इथेच फसतात. म्हणजे तुमचे पाच आठवडे मागून मोजा: शेवटचे दोन मुरण्याचे, त्याआधी ओतणं, आणि सगळ्यात आधी वातीची परीक्षा. अठरा मोठ्या करण्यापेक्षा शंभर ग्रॅमच्या लहान करा, १८०० ग्रॅम मेणाला सहा टक्क्यांनी १०८ ग्रॅम तेल लागेल, तेही कमी नाही. पण अठरा लहान वास येणाऱ्या बऱ्या.

टवाळ_टोळ

एवढं करण्यापेक्षा पातेल्यात पाणी घेऊन त्यात दालचिनी, लवंगा, संत्र्याची साल टाकून मंद उकळत ठेवा की. घरभर वास, वात नाही, काटा नाही, टक्का नाही.

सुगरणनसलेली

टोळ पहिल्यांदा काहीतरी कामाचं बोलला. वाखुसा (वाचनखूण साठवली).

आळशी_मुंगी

सगळ्यांना रिपोर्ट द्यायचा राहिला होता, आज चार आठवडे झाले.

तीन वातींची परीक्षा केली. बारीक वातीची परत विहीर. जाडवाली पेटली जोरात पण तासाभरात काच धरवेना आणि वर काळं बोंड. मधलीचं तळं दोन तासांनी कडेला टेकलं, मी चक्क फूटपट्टी घेऊन बसले होते, नवरा म्हणाला मेणबत्तीचा अभ्यास आपल्या लग्नापेक्षा गंभीरपणे चाललाय. मग मधली वात, शंभर ग्रॅमच्या बरण्या, संत्रं साडेपाच देवदार तीन लवंग दीड (काकूंचं ऐकलं). बारा दिवस कपाटात. काल एक पेटवली. बाहेर जाऊन पाच मिनिटांनी परत आत आले, कारण तिथेच बसून नाक सरावतं ना, आणि दारातच आला. लवंग आधी, मग मागून संत्रं. आरडाओरडा करणारा वास नाही, विकतच्यासारखा पुढच्या खोलीपर्यंत जातच नाही, पण आहे. खोटा नाही वाटत.

अठराच्या चौदाच झाल्या. दोन कमी आल्या कारण परीक्षेतच तेल संपलं, एक माझ्या हातून पडली, आणि मांजर असलेल्या मावशीला काकूंसारखी पत्र्याची गुंडाळून दिली, काहीच न घातलेली.

एक शंका मात्र राहिली. वरती पांढरे पांढरे बर्फाच्या नक्षीसारखे डाग आलेत चार-पाच बरण्यांवर. बुरशी तर नाही ना??

मेणवाला_हौशी

नाही हो, सोय वॅक्स गार होताना त्याचे स्फटिक धरतात, सोयचा स्वभावच तो. जळण्यात काही फरक नाही. फारच खुपत असेल तर हेअर ड्रायर वरून फिरवा, वरचा थर वितळून सपाट होईल, पण आठवड्यात परत येण्याची शक्यता आहे. मी काही करत नाही. आणि देताना सोबत चिठ्ठी: पहिल्यांदा तळं कडेला जाईपर्यंत विझवू नका, वात कापा, चार तासांच्या वर नको, तळाशी सेंटीमीटरभर मेण उरलं की थांबा, नाहीतर काच तडकते.

आळशी_मुंगी

चिठ्ठी चौदा वेळा हाताने लिहायची??

निवांत_काकू

आळशी नाव उगाच नाही. आणि ते भांडं सिंकमध्ये धुवू नकोस गं, मेण पाइपात जाऊन गोठतं. गरम असतानाच कागदाने पुसून काढ.

आळशी_मुंगी

काकू हे चार आठवडे आधी सांगायचं ना. प्लंबर उद्या येतोय.

नवीन_पाहुणा

छान धागा. सगळा वाचला नाही अजून पण एक विचारायचं होतं, तेल मिळत नसेल तर व्हॅनिला इसेन्स घातलं तर चालेल का?

टवाळ_टोळ

चालेल. मोहरी पण घ्या सोबत.